नसलेल्या कार्डाची हाक

क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या लिनक्स मशीनमध्ये ‘प्रॉक’ नावाची एक डिरेक्टरी असते आणि तिच्यात ‘इंटरप्ट्स’ नावाची एक फाइल. ती उघडली की आकड्यांचं कोष्टक समोर येतं. डावीकडे इंटरप्टचा क्रमांक, मधे प्रत्येक प्रोसेसरसाठी एकेक रकाना आणि शेवटी ज्या उपकरणाने प्रोसेसरला हाक मारली त्याचं नाव. पुष्कळ मशीनवर या नावांमध्ये ‘व्हर्टिओ०-इनपुट.०’ अशी ओळ सापडते. फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहिली तर त्या ओळीतला आकडा वाढत गेलेला दिसतो. कुठलं तरी नेटवर्क कार्ड प्रोसेसरला सारखं सांगतं आहे, ‘पॅकेट आलंय, घेऊन जा.’

गंमत अशी, की ते कार्ड कुठेच नाही. गूगलने २०१७ साली मुंबईत आपल्या क्लाउडचं केंद्र सुरू केलं. तिथल्यासारख्या केंद्रातलं एखादं रॅक उघडलं तर आत खरी मशीन आणि खरी कार्डं मोजकीच दिसतील. एकेका खऱ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन नांदत असतात. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात ते ‘कार्ड’ म्हणजे मेमरीची काही पानं आणि ती सांभाळणारा एक प्रोग्रॅम. तिथे इंटरप्टची तार नाही आणि विजेचा संकेतही नाही. तरीही हाक येते, ड्रायव्हर जागा होतो, पॅकेट उचललं जातं.

ही हाक कोण मारतं, ती कुठल्या रस्त्याने पोचते आणि तिची किंमत काय, हे या प्रकरणात पाहायचं आहे. व्हर्च्युअल कार्डाच्या ड्रायव्हरचा इतिहास वाचत गेलं की एक गोष्ट ठळक होत जाते. हाकेला लगेच ओ देणं ही त्यातली सोपी बाजू. अवघड आहे ते बहुतेक हाका अनावश्यक ठरवणं, आणि तरीही एकही पॅकेट वाट पाहत पडून राहणार नाही याची खात्री देणं.

दूध आणि कुकर

दूध तापत ठेवलं की शेजारी उभं राहावं लागतं. नजर हलली की ते उतू गेलंच. कुकर लावला की मात्र माणूस बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचतो आणि शिट्टी झाली की उठतो. संगणकाने बाहेरच्या उपकरणांशी व्यवहार करण्याच्या रीतीही याच दोन. ‘काही आलं का, काही आलं का’ असं प्रोसेसरने सतत तपासत राहायचं, याला पोलिंग म्हणतात. उपकरणाने स्वतःहून सांगायचं आणि प्रोसेसरने हातातलं काम बाजूला ठेवून तिकडे जायचं, हा झाला इंटरप्ट.

इंटरप्टची सोय १९५० च्या दशकातल्या यंत्रांमध्ये आली, आणि तिचं सगळ्यांनीच आनंदाने स्वागत केलं असं नाही. नेदरलँड्समध्ये एक्स-१ या यंत्राची आखणी चालू असताना ब्राम लूप्स्ट्रा आणि कारेल स्कॉल्टेन यांनी त्यात इंटरप्ट घालायचं सुचवलं. त्या यंत्राचे प्रोग्रॅम लिहायची जबाबदारी एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्यावर होती. ते चक्क घाबरले. प्रोग्रॅम कुठल्याही क्षणी, कुठल्याही ओळीवर तोडला जाणार असेल तर पुन्हा करून दाखवताच येणार नाहीत अशा चुका होतील, ही त्यांची भीती होती. दोघा सहकाऱ्यांनी त्यांच्या बुद्धीची भरपूर स्तुती करून त्यांना तयार केलं, असं डाइक्स्ट्रांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. १९५९ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच कामावर आहे. त्यांची भीती मात्र खोटी नव्हती. ती पुढे आपल्याला भेटणार आहे.

खऱ्या नेटवर्क कार्डात पुढचा क्रम ठरलेला असतो. ड्रायव्हर आधीच मेमरीत रिकाम्या जागा राखून त्यांचे पत्ते कार्डाला देऊन ठेवतो. पत्त्यांच्या या गोलाकार यादीला रिंग म्हणतात. तारेवरून पॅकेट आलं की कार्ड ते प्रोसेसरला न विचारता थेट त्या जागेत उतरवतं आणि मग इंटरप्ट देतं. प्रोसेसर चालू कामाची स्थिती जपून ठेवतो, हँडलर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि परत मूळ कामाला लागतो. दिवसाला चार पॅकेट येत असती तर गोष्ट इथेच संपली असती.

हाका वाढल्या की काम थांबतं

इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीचा ओळखीचा भाग आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरली तर तारेवर तिला ८४ बाइट लागतात. १० गिगाबिटच्या लाइनवर अशी सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेट येऊ शकतात. म्हणजे दर ६७ नॅनोसेकंदाला एक. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात जेमतेम २०० सायकल मिळतात. नुसतं हातातलं काम ठेवून हँडलरमध्ये शिरायचं आणि परत यायचं म्हटलं तरी यातला मोठा वाटा खर्च होतो.

वेग याहून खूप कमी होता तेव्हाच हे दुखणं लोकांच्या लक्षात आलं होतं. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली युझनिक्सच्या परिषदेत त्याचं नेमकं वर्णन केलं. राउटरचं काम करणाऱ्या एका मशीनकडे त्यांनी पॅकेटांचा मारा वाढवत नेला. पुढे पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटांची संख्या आधी वाढली, मग घसरू लागली आणि पुढे तर शून्यावर आली. मशीन बंद पडलं नव्हतं, उलट ते जिवाच्या आकांताने राबत होतं. पण त्याचा सगळा वेळ ‘पॅकेट आलं’ ही बातमी ऐकण्यातच जात होता. ते पॅकेट पुढे नेण्याचं काम इंटरप्टपेक्षा कमी तातडीचं मानलेलं, त्यामुळे त्याची पाळीच येत नव्हती. रांगा भरायच्या आणि अर्धवट हाताळलेली पॅकेट फेकून दिली जायची. या अवस्थेला त्यांनी रिसीव्ह लाइव्हलॉक म्हटलं.

त्यांनी सुचवलेल्या उपायाचं सूत्र साधं होतं. पहिली हाक ऐका, मग हाका बंद करा, साचलेलं काम मोजून-मापून उपसा आणि काम संपलं की हाका पुन्हा सुरू करा. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ साली लिनक्ससाठी मांडलेली रचना याच धर्तीची. तिला नॅपी म्हणतात. ड्रायव्हरचा हँडलर आता फक्त दोन गोष्टी करतो: कार्डाचे इंटरप्ट थांबवतो आणि आपलं नाव कामाच्या यादीत लावतो. नंतर कर्नल सवडीने ड्रायव्हरला बोलावतो आणि एका खेपेला साधारण ६४ पॅकेटांची मुभा देतो. सगळ्या उपकरणांची मिळून एका फेरीत ३०० पॅकेटांची मर्यादा असते. ड्रायव्हरने ६४ पेक्षा कमी पॅकेट आणली तर रिंग रिकामी झाली असा अर्थ घेऊन इंटरप्ट पुन्हा चालू करायचे. पूर्ण ६४ आणली तर अजून काम शिल्लक असणार, म्हणून यादीत राहायचं आणि कार्डाला गप्पच ठेवायचं.

या रचनेत गर्दी वाढेल तसे इंटरप्ट आपोआप कमी होतात. आजची व्हर्च्युअल कार्डं याच पायावर उभी आहेत. पण त्यांच्यापुढे आणखी एक अडचण होती, आणि ती खऱ्या कार्डाला कधीच नव्हती.

नकली कार्डाचा खरा खर्च

व्हर्च्युअल मशीनला आपण गेस्ट म्हणू, आणि ज्या खऱ्या मशीनवर ते चालतं त्याला होस्ट. गेस्टमधली ऑपरेटिंग सिस्टिम कार्डाच्या रजिस्टरला हात लावायला जाते, तेव्हा तिथे खरं रजिस्टर नसतं. प्रोसेसर ताबडतोब गेस्टला थांबवतो आणि सूत्रं हायपरव्हायझरकडे, म्हणजे गेस्ट सांभाळणाऱ्या होस्टवरच्या प्रोग्रॅमकडे, देतो. हायपरव्हायझर पाहतो, ‘हिला काय हवं होतं?’ आणि खऱ्या कार्डाने जे केलं असतं त्याची नक्कल करून गेस्टला पुन्हा सोडतो. या थांबण्याला एक्झिट म्हणतात. एका एक्झिटच्या येण्याजाण्यात हजाराहून अधिक सायकल सहज जातात. नक्कल करणारा प्रोग्रॅम होस्टच्या कर्नलबाहेर असेल, क्यूएमूसारखा, तर तो हिशेब कितीतरी पट वाढतो. एका पॅकेटच्या वाट्याला २०० सायकल येतात हा आकडा याच्याशेजारी ठेवून पाहावा.

इंटेलच्या ई१००० या लोकप्रिय कार्डाची नक्कल क्यूएमू पुरवतो. त्याचा लिनक्समधला ड्रायव्हर एका इंटरप्टसाठी काय काय करतो ते पाहू. हाक कशासाठी होती हे कळायला तो एक रजिस्टर वाचतो. इंटरप्ट थांबवायला दुसऱ्या रजिस्टरवर लिहितो. ते लिहिणं कार्डापर्यंत पोचलं याची खात्री करायला आणखी एक रजिस्टर वाचतो. काम संपल्यावर इंटरप्ट चालू करायला पुन्हा लिहितो आणि खात्रीसाठी पुन्हा वाचतो. खऱ्या कार्डावर हे पाच स्पर्श खपून जातात. नकली कार्डावर मात्र प्रत्येक स्पर्श म्हणजे एक एक्झिट. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याने खऱ्या लोखंडासाठी काटेकोर ड्रायव्हर लिहिला, आणि नेमका तो काटेकोरपणाच इथे महाग पडतो.

व्हीएमवेअरच्या जेरेमी शुगरमन, गणेश वेंकटाचलम आणि बेंग-हाँग लिम यांनी २००१ साली याच खर्चाचा ताळेबंद मांडला. त्यांच्या वर्कस्टेशन या उत्पादनात एएमडीच्या लान्स कार्डाची नक्कल होती. गेस्टमधून १०० मेगाबिटची लाइन भरायच्या आतच होस्टचा प्रोसेसर दमत होता. त्यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं, की कार्डाला केलेल्या अनेक स्पर्शांचा लगेच काहीच परिणाम होत नाही. ‘पुढच्या वेळी मला अमुक रजिस्टर हवंय’ एवढंच त्यात सांगितलेलं असतं. असे स्पर्श त्यांनी दूरवर न नेता जागच्या जागी निपटले. पाठवायची पॅकेटही, कामाचा जोर असेल तेव्हा, एकेक न पाठवता साठवून एकदम पाठवली. एवढ्याने लाइन भरू लागली.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. समोर खरं कार्ड नाही हे होस्टला ठाऊक आहे. मग गेस्टच्या ड्रायव्हरलाही ते सांगून टाकलं तर?

दोघांची मिळून एक रिंग

केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या झेन या हायपरव्हायझरने २००३ सालीच ही वाट धरली होती. नंतरच्या झेनमध्ये ड्रायव्हरचे दोन भाग होते. अर्धा गेस्टमध्ये, अर्धा खरं कार्ड सांभाळणाऱ्या विशेष मशीनमध्ये, आणि मधे सामायिक मेमरी. पुढे हायपरव्हायझर वाढले तसे प्रत्येकाचे वेगळे ड्रायव्हरही वाढले. ऑस्ट्रेलियात आयबीएमच्या ओझलॅब्समध्ये काम करणाऱ्या रस्टी रसेल यांनी या सगळ्यांसाठी एकच घडण सुचवली. तीच व्हर्टिओ. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती दाखल झाली आणि पुढे ओअॅसिस या संस्थेने तिचं मानक तयार केलं.

व्हर्टिओची रिंग म्हणजे मेमरीतल्या तीन याद्या. पहिली डिस्क्रिप्टरची: प्रत्येकी १६ बाइटच्या नोंदी, त्यात जागेचा पत्ता, लांबी आणि पुढच्या तुकड्याचा क्रमांक. दुसरी ‘उपलब्ध’ यादी, हिच्यात फक्त ड्रायव्हर लिहितो: या जागा रिकाम्या आहेत, वापरा. तिसरी ‘वापरलेली’ यादी, हिच्यात फक्त उपकरण लिहितं: या जागा भरल्या, घेऊन जा. एका यादीत एकानेच लिहायचं असल्यामुळे कुलूप लागत नाही. दोन्ही बाजू एकमेकींचं लिहिलेलं वाचत पुढे सरकतात. नोंदी करताना एक्झिट होत नाही, कारण हे साधं मेमरीत लिहिणं आहे.

एक्झिट लागते ती फक्त समोरच्याला उठवताना. तिथेही दोन फ्लॅग ठेवले आहेत. ‘उपलब्ध’ यादीच्या डोक्यावरचा फ्लॅग ड्रायव्हरच्या हातात: मी जागा आहे, इंटरप्ट देऊ नकोस. ‘वापरलेली’ यादीवरचा फ्लॅग उपकरणाच्या हातात: मी रिंगकडे पाहतोच आहे, मला सांगत बसू नकोस. नॅपीचा ड्रायव्हर इंटरप्ट थांबवतो तेव्हा इथे फक्त एक बिट मेमरीत बदलतं. ई१००० मध्ये ज्यासाठी एक्झिट मोजावी लागायची, ते काम फुकटात झालं.

पुढे फ्लॅगही ढोबळ वाटू लागला. त्याला फक्त ‘सांग’ आणि ‘सांगू नको’ एवढंच म्हणता येतं. म्हणून दोन्ही याद्यांच्या शेवटी एकेक आकडा ठेवायची सोय आली. ड्रायव्हरने १२०० नोंदी उचलल्या असतील तर तो तिथे १२०० लिहितो. म्हणजे, ‘हा टप्पा ओलांडलास की हाक मार.’ उपकरणाने एका दमात १२०० वरून १२३० पर्यंत मजल मारली तर टप्पा ओलांडला गेला, म्हणून एक इंटरप्ट. ड्रायव्हर अजून पॅकेट उपसतो आहे, त्याने आकडा बदललेला नाही, आणि उपकरण १२६० ला पोचलं. आता १२०० हा टप्पा या नव्या पट्ट्यात पडत नाही, म्हणून गप्प राहायचं. मोजणी १६ बिटची असल्यामुळे ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य येतं, पण वजाबाकीही १६ बिटांतच केली की उत्तर बरोबर निघतं.

पॅकेट पाठवण्याच्या बाजूला तर याचा आणखी धूर्त उपयोग होतो. पाठवलेल्या पॅकेटांची जागा परत मिळवायची घाई नसते. म्हणून ड्रायव्हर टप्पा पुढे ढकलून सांगू शकतो: बाकी असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश झाली की मगच हाक मार.

हे सगळं आपल्याच मशीनवर तपासता येतं. गेस्ट शांत असताना बाहेरून सेकंदाला एक पिंग पाठवावा. इनपुटच्या ओळीतला आकडाही साधारण एकेकाने वाढेल, कारण दर वेळी ड्रायव्हर झोपलेला सापडतो. मग एखादी मोठी फाइल उतरवायला लावावी आणि कार्डाच्या पॅकेटांची मोजणी इंटरप्टच्या मोजणीशेजारी ठेवावी. पॅकेटांचा आकडा झपाट्याने वर जातो आणि इंटरप्टचा आकडा मागे रेंगाळतो. एका हाकेमागे किती पॅकेट उचलली, हे गुणोत्तर म्हणजे ड्रायव्हरच्या तब्येतीची नाडी. भरगर्दीतही ते एकाच्या आसपास असेल तर कुठे तरी बिनसलंय.

झोपण्याआधी एकदा वळून पाहणं

आता डाइक्स्ट्रांच्या भीतीकडे येऊ. ड्रायव्हरने रिंग पाहिली, ती रिकामी निघाली. त्याने ठरवलं, इंटरप्ट चालू करून झोपू. पण ‘रिकामी आहे’ हे पाहणं आणि ‘आता हाक मार’ हे लिहिणं यांच्यामध्ये एक फट आहे. नेमक्या त्या फटीत उपकरणाने पॅकेट ठेवलं. त्याने फ्लॅग पाहिला, तर अजून ‘सांगू नको’च लिहिलेलं. ते आज्ञाधारकपणे गप्प राहिलं. पुढच्या क्षणी ड्रायव्हरने फ्लॅग बदलला आणि तो झोपला. रिंगमध्ये पॅकेट आहे, पण त्याची खबर कोणालाच नाही.

पुढचं पॅकेट आलं की दोन्ही एकदम उचलली जातील, म्हणून बऱ्याचदा चूक झाकली जाते. पण पाठवणारा याच पॅकेटच्या उत्तराची वाट पाहत असेल तर तो पुढचं पॅकेट पाठवेलच कशाला? दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात. शेवटी टीसीपीचा धीर सुटतो आणि तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. लिनक्समध्ये ही वाट किमान २०० मिलिसेकंदांची असते. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की साइट मधूनच क्षणभर अडकते आणि मग आपोआप चालू होते. तपासायला गेलं की तपासणीच्या पॅकेटांनीच ड्रायव्हर जागा होतो आणि चूक गायब.

उपाय असा: आधी इंटरप्ट चालू करायचे, मग रिंग पुन्हा एकदा पाहायची. काही सापडलंच तर इंटरप्ट परत बंद करून कामाला लागायचं. व्हर्टिओच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये नॅपीचा समारोप होताना ही फेरतपासणी होते. ऐकायला ही एक ओळ, पण तिच्याही पोटात एक पेच आहे. आजचे प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी लिहिलेली गोष्ट थोडा वेळ स्वतःच्या बफरमध्ये ठेवतात आणि त्यानंतरचं वाचन आधी उरकून घेतात. इंटेलचे प्रोसेसर मेमरीच्या क्रमाबाबत बरेच शिस्तीचे, पण ही एक मोकळीक तेही घेतात. मग ‘आधी फ्लॅग बदल, मग रिंग पाहा’ असं लिहूनही प्रत्यक्षात रिंग आधी पाहिली जाऊ शकते, आणि फट पुन्हा उघडते. म्हणून दोन्ही कृतींच्या मधे मेमरी बॅरिअर घालावा लागतो: मागचं लिहिणं सगळ्यांना दिसल्याशिवाय पुढचं वाचू नकोस. उपकरणाच्या बाजूलाही तसाच बॅरिअर लागतो. आधी नोंद लिहायची, मग बॅरिअर, मग फ्लॅग वाचायचा. एकाच बाजूने पाळून भागत नाही.

दोन पक्षांनी आधी आपलं लिहायचं आणि मग दुसऱ्याचं वाचायचं, ही घडण डच गणिती डेकर यांच्या नावाने ओळखली जाणारी आहे. ती जगापुढे आणली तीही डाइक्स्ट्रांनीच, १९६० च्या दशकात. ज्या चुकांना ते घाबरले होते, त्यांच्यावरचा उताराही त्यांच्याच लेखनातून लोकांपर्यंत पोचला.

हाक पोचवण्याचा रस्ता

इतकं करून जी हाक उरते ती तरी स्वस्तात पोचते का? सुरुवातीला तसं नव्हतं. पॅकेट क्यूएमूच्या हातातून जायचं, आणि क्यूएमू हा होस्टवरचा एक साधा प्रोग्रॅम. २०१० साली लिनक्स २.६.३४ मध्ये व्हीहोस्ट-नेट आलं आणि रिंग हाताळण्याचं काम थेट होस्टच्या कर्नलमध्ये गेलं. इंटरप्ट देण्यासाठी आता क्यूएमूला उठवावं लागत नाही. कर्नलमधला एक भाग दुसऱ्या भागाला खूण करतो आणि केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायझर, गेस्टला हाक देतो.

पण गेस्ट त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर? त्याच्या हातात इंटरप्ट ठेवण्यासाठी आधी त्याला थांबवावं लागे, ही एक एक्झिट. हँडलर संपला की गेस्ट इंटरप्ट कंट्रोलरला ‘झालं’ असं कळवतो. ते रजिस्टरही नकली, म्हणून दुसरी एक्झिट. आयबीएमची हैफा इथली प्रयोगशाळा आणि टेक्निऑन यांच्या संशोधकांनी २०१२ साली ईएलआय नावाची युक्ती दाखवली. गेस्टला थेट दिलेल्या कार्डाचे इंटरप्ट हायपरव्हायझरला न अडवता गेस्टपर्यंत जाऊ द्यायचे. तेवढ्याने गेस्टची कामगिरी खऱ्या मशीनच्या ९७ ते १०० टक्क्यांपर्यंत पोचली. जुन्या प्रोसेसरवर निव्वळ सॉफ्टवेअरने साधलेलं हे यश.

प्रोसेसर बनवणारेही स्वस्थ नव्हते. इंटेलने २०१३ च्या सुमाराच्या झिऑन प्रोसेसरांत पोस्टेड इंटरप्टची सोय दिली. प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरसाठी मेमरीत २५६ बिटांची एक पाटी असते, प्रत्येक इंटरप्ट क्रमांकाला एक बिट. होस्ट त्यातलं बिट लावतो आणि गेस्ट चालू असलेल्या कोअरला एक खुणेचा संकेत पाठवतो. प्रोसेसर पाटी वाचून गेस्टला न थांबवताच हँडलरमध्ये नेतो. ‘झालं’ हे कळवणंही आता एक्झिटशिवाय होतं.

एक अडचण मात्र कुठल्याही चिपने सुटत नाही. होस्टवर गर्दी असेल तर ज्याला हाक द्यायची तो व्हर्च्युअल प्रोसेसर त्या क्षणी चालूच नसतो, त्याची पाळी यायची असते. खरा प्रोसेसर असा गायब होत नाही. एकाच्या गैरहजेरीत सगळंच अडू नये म्हणून मशीनला अनेक रिंगा देऊन प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरला आपापली रिंग आणि आपापला इंटरप्ट वाटून देतात. कोष्टकात इनपुट.०, इनपुट.१ अशा ओळी दिसतात त्या याच. काम नसल्यामुळे गेस्ट झोपायला निघाला तर केव्हीएमही त्याचा कोअर लगेच दुसऱ्याला देत नाही. क्षणभर, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, थांबून पाहतो, न जाणो एखादं पॅकेट लगेच यायचं.

हाक मारणाऱ्यावर विश्वास किती?

खरं कार्ड वेडंवाकडं वागलं तर ते बिघडलं असं म्हणायचं. व्हर्च्युअल कार्डाच्या मागे मात्र दुसऱ्याच कोणाचा तरी प्रोग्रॅम असतो, आणि तो मुद्दाम वेडंवाकडं वागू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये झेन प्रकल्पाने एक सुरक्षा-सूचना काढली. एखाद्या गेस्टने भराभर हाका मारत राहायचं ठरवलं तर खरं कार्ड सांभाळणारं ते विशेष मशीन त्या ऐकण्यातच गुंतून पडेल. मोगल आणि रामकृष्णन यांचा लाइव्हलॉकच हा, फक्त आता हत्यार म्हणून वापरलेला. दुरुस्ती अशी झाली, की ड्रायव्हरने काम संपवून तसं सांगेपर्यंत पुढची हाक अडवून धरायची, आणि काम नसताना उगाच हाक आली असेल तर पुढची जाणूनबुजून उशिराने सोडायची. डिसेंबर २०२१ मध्ये नाण्याची दुसरी बाजू समोर आली. मागच्या बाजूचा ड्रायव्हर दुष्ट असेल तर तो गेस्टलाही असाच जेरीस आणू शकतो. मग गेस्टमधल्या नेटवर्क, डिस्क आणि कन्सोलच्या ड्रायव्हरनाही तोच उपाय करावा लागला.

२०२४ साली झ्युरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी हेक्लर नावाचा हल्ला दाखवला. काही नव्या प्रोसेसरांत होस्टलाही गेस्टची मेमरी वाचता येत नाही. पण इंटरप्ट द्यायचा अधिकार होस्टकडेच होता. लिनक्समध्ये १२८ हा क्रमांक जुन्या पद्धतीच्या सिस्टिम कॉलसाठी राखलेला. होस्टने बाहेरून तोच क्रमांक दिला की गेस्टला वाटे, आपल्याच प्रोग्रॅमने काही मागितलं. त्या गोंधळात रजिस्टरमधली किंमत बदले, आणि योग्य क्षण साधला तर पासवर्डशिवाय लॉगिन होई. लिनक्सने ही वाट बंद केली आहे. यातून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या पदरात एक नियम पडला: इंटरप्ट आला याचा अर्थ काम आलं असा धरायचा नाही. रिंग स्वतः पाहायची, आणि उपकरणाने लिहिलेला प्रत्येक आकडा तपासूनच वापरायचा.

किती हाका पुरेशा?

हाकांचा एवढा त्रास असेल तर त्या मुळातच काढून टाकाव्यात, असंही काहींनी केलं. वेगवान पॅकेट-हाताळणीसाठी असलेल्या डीपीडीके या संचाचे ड्रायव्हर पॅकेट उचलण्यासाठी इंटरप्टची वाट पाहतच नाहीत. एक अख्खा कोअर रिंगकडे टक लावून बसलेला असतो. पॅकेट लगेच उचललं जातं, पण रात्री तीन वाजता कोणी नसतानाही तो कोअर तितकाच तापतो. दूरसंचार कंपनीच्या स्विचला हे परवडतं. महिन्याच्या भाड्यावर घेतलेल्या दोन कोअरच्या मशीनला यात आपला अर्धा जीव खर्ची घालावा लागेल.

दुसरा रस्ता थोडं थांबून हाक मारण्याचा. काही मायक्रोसेकंद वाट पाहायची आणि तेवढ्यात आलेली पॅकेट एकाच इंटरप्टवर उरकायची. फाइल उतरवणाऱ्याला ते सोयीचं. एक प्रश्न, एक उत्तर अशा पद्धतीने डेटाबेसशी बोलणाऱ्याला मात्र प्रत्येक फेरीत तेवढे मायक्रोसेकंद भरावे लागतात. म्हणून कुठल्याही जाणकाराला ‘योग्य आकडा कोणता’ असं विचारलं तर तो उलट विचारतो, ‘काम कसलं आहे?’

वॉटरलू विद्यापीठाचे मार्टिन कार्स्टेन आणि फास्टली कंपनीचे जो दामाटो यांनी या प्रश्नाचं उत्तर माणसाऐवजी प्रोग्रॅमवर सोपवलं. त्यांचा बदल जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१३ मध्ये दाखल झाला. गाभ्याचा कोड अवघ्या ३० ओळींच्या आसपास. सर्व्हरचा प्रोग्रॅम कामात असेल तोवर कार्डाचे इंटरप्ट स्थगित. तो हातातलं संपवून नवीन काम मागतो, तेव्हाच रिंग तपासली जाते. मागूनही काही मिळालं नाही, म्हणजे खरंच शांतता आहे, तर इंटरप्ट पुन्हा चालू. गर्दीच्या सर्व्हरवर काही परिस्थितींत विजेची बचत ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असं विद्यापीठाने जाहीर केलं.

मोगल आणि रामकृष्णन यांच्या सूत्रात कर्नल ठरवत होता, कान कधी मिटायचे. व्हर्टिओने तो निर्णय मेमरीतल्या एका आकड्यावर आणून ठेवला, म्हणजे दोन्ही बाजूंना एक्झिट न मोजता तो वाचता आला. या ३० ओळींनी तो आणखी वर, प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत नेला. प्रत्येक पायरीवर निर्णय अशाच्या हाती गेला, ज्याला आपण जागे आहोत की झोपायला निघालो आहोत हे जास्त नेमकं माहीत आहे. इंटरप्ट यातून कधीच हद्दपार होणार नाही, कारण झोपलेल्याला उठवायला दुसरा उपाय नाही. जाग्याला मात्र त्याची गरज नाही, आणि व्हर्च्युअल कार्डाच्या चांगल्या ड्रायव्हरची अर्धी अक्कल हा फरक वेळेवर ओळखण्यात खर्च होते.